जुन्या फोर-बाय-फोरच्या क्लचचं ऑइल जातं कुठे? गळती शोधण्याची पद्धत

क्लचच्या डबीतलं ऑइल (ब्रेकमध्ये असतं तेच ब्रेक ऑइल) उतरलं की बहुतेक गाडीमालक बाटली आणतात, डबी भरतात आणि विसरून जातात. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. मग कधीतरी पेडल खाली जाऊन बसतं, गाडी गॅरेजमध्ये ओढत न्यावी लागते आणि तिथे मास्टर (पेडलने ऑइल दाबणारा सिलिंडर), स्लेव्ह (त्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर), जमलं तर क्लच प्लेटसुद्धा एका झटक्यात बदलली जाते. गळती असते पाइपच्या एका नटात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गळती शोधायला महागडं हत्यार लागत नाही. एक चांगली बॅटरी (टॉर्च), चिंध्या, पांढरा पुठ्ठा आणि पेडल दाबायला घरातलं एक माणूस एवढ्यावर काम भागतं.

आधी एक गोष्ट पक्की करू. ब्रेकच्या डबीतली पातळी पॅड झिजतात तशी हळूहळू उतरते, कारण कॅलिपरचे पिस्टन बाहेर येत जातात आणि मागची जागा ऑइल भरून काढतं. क्लचमध्ये असं होत नाही. प्लेट झिजली की ती दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं गिअरबॉक्सच्या दिशेने सरकतात, त्यांना टेकणाऱ्या रिलीज बेअरिंगला आणि ते ढकलणाऱ्या फोर्कला मागे रेटतात. त्यामुळे स्लेव्हचा पिस्टन आत दबतो आणि थोडं ऑइल उलट डबीत येतं. थोडक्यात, झिजेमुळे क्लचच्या डबीतली पातळी चढते. स्लेव्हची दांडी हाताने जुळवायची रचना असेल तर पातळी जागच्या जागी राहते. उतरत मात्र कधीच नाही. तेव्हा ‘प्लेट झिजलीय, म्हणून ऑइल कमी झालंय’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. अपवाद एकच. नुकतीच एअर (पाइपांत अडकलेली हवा) काढली असेल आणि राहिलेला बुडबुडा नंतर वर आला, तर पातळी एकदा थोडी खाली बसते. पुन्हा पुन्हा उतरत असेल तर ऑइल बाहेर जातंय.

‘ऑइल कमी होतं’ आणि ‘पेडल खाली जातं’ या दोन तक्रारी लोक एकच समजतात. त्या वेगळ्या आहेत. डबी भरलेली आहे, कुठे थेंब नाही, पण सिग्नलला पेडल दाबून धरलं की ते हळूहळू खाली सरकतं आणि गाडी पुढे ओढायला लागते. ही मास्टरच्या आतली गळती. पिस्टनवरचं पुढचं सील (रबरी कडं) झिजलं की ऑइल त्याच्या कडेने निसटून परत डबीत जातं, बाहेर येत नाही. अशा गाडीखाली दिवसभर झोपून राहिलात तरी काही सापडणार नाही. दोन्ही तक्रारी एकत्रही असू शकतात, म्हणून नेमकं काय घडतंय ते आधी लिहून ठेवा.

तुमच्या गाडीत आहे काय?

जिप्सीचा क्लच केबलवर चालतो, तिथे हे सगळं लागूच नाही. जुन्या जीपगाड्यांत रॉड किंवा केबल असते, आणि मधल्या मालकाने काय काय बदललंय यावर काहीही सापडू शकतं. सफारी, स्कॉर्पिओ, पजेरो या पिढीच्या गाड्यांत हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच असतो. बॉनेट उघडा आणि ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्यावर पाहा. ब्रेकच्या मोठ्या बूस्टरशेजारी एक छोटा सिलिंडर आणि त्याची छोटी डबी दिसेल. तो क्लचचा मास्टर. काही गाड्यांत वेगळी डबी नसते. ब्रेकच्याच डबीच्या कुशीतून एक रबरी नळी क्लचच्या मास्टरकडे जाते. तुमच्याकडे तशी असेल तर क्लचच्या गळतीचा त्रास ब्रेकच्या डबीपर्यंत पोचतो. ती नळी मुद्दाम थोड्या उंचीवर काढलेली असते, म्हणजे क्लच रिकामा झाला तरी ब्रेकपुरतं ऑइल शिल्लक राहावं. पण या भरवशावर गाडी चालवत राहू नका.

मास्टरपासून लोखंडी पाइपचा माग काढत खाली या. शेवटी एक जाड रबरी होज लागेल आणि होजच्या टोकाला बेल हाऊसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं कवच) बोल्टने बसवलेला स्लेव्ह सिलिंडर. पाइप थेट बेल हाऊसिंगच्या आत शिरत असेल आणि बाहेर स्लेव्ह दिसतच नसेल, तर तुमचा स्लेव्ह गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती आत बसवलेला आहे. तो गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणूनच अशा गाडीत बाहेरचे सगळे संशयित आधी निर्दोष ठरवून घ्यायचे.

गाडीखाली जाण्याआधी

सपाट, कडक जमीन. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. गाडी उचलायची तर जॅकवर विसंबायचं नाही, घोड्या (लोखंडी स्टँड) लावायच्या. हे सगळ्याच गाड्यांना लागू आहे, पण फोर-बाय-फोरमध्ये आणखी दोन खाचखळगे आहेत. ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) लिव्हर न्यूट्रलला राहिला असेल तर पहिला गिअर टाकून ठेवण्याचा काही उपयोग नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. आणि लँड रोव्हरसारख्या काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक हवेत उचललं की डिफरन्शियलमुळे तेच चाक फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सुटू शकते. ठोकळे विसरू नका.

ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटच्या कडेवर थेंब सांडला तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. पाण्यात ते मिसळतं, निघून जातं. डोळ्यांत जाऊ देऊ नका. हातमोजे घाला.

धुतल्याशिवाय शोधू नका

वीस वर्षांच्या गाडीखाली सगळंच ओलं असतं. इंजिनचं जुनं ऑइल, गिअरबॉक्सचा घाम, त्यावर सह्याद्रीतला लाल चिखल. या लगद्यात ताजी गळती दिसणार कशी? म्हणून मास्टर, पाइप, होज, स्लेव्ह आणि बेल हाऊसिंगचा तळ डिग्रीझर लावून ब्रशने घासा, धुवा आणि पूर्ण वाळू द्या. प्रेशर गनचा फवारा स्लेव्हच्या रबरी बुटावर आणि डबीच्या झाकणावर थेट मारू नका. तिथून आत शिरलेलं पाणी पुढे सिलिंडर गंजवतं.

धुण्याआधी मात्र बॅटरी लावून एकदा नीट बघून घ्या, कारण काही पुरावे धुतल्यावर जातात. मास्टरच्या खालच्या पत्र्यावरचा रंग फुगलाय का? पापुद्रे सुटलेत का? असतील तर तिथे बऱ्याच दिवसांपासून ब्रेक ऑइल पडतंय. चेसिसवर एकाच रेषेत रंग गेलेला दिसला तर ती रेषा वर कुठे पोचते ते पाहा.

मग डबी कमाल खुणेपर्यंत भरा. त्यापुढे नाही. काठोकाठ भरलेल्या डबीतून ऑफ-रोडच्या चढ-उतारांवर आणि आडव्या उतारावर ऑइल झाकणातून बाहेर येतं, पत्रा ओला होतो आणि आपण मास्टरला दोष देतो. झाकण उघडून आतला रबरी पडदा फाटलाय का, कडक झालाय का ते बघा. डबीवर बारीक चिकटपट्टीने पातळीची खूण करा, तारीख आणि किलोमीटर लिहा. किती दिवसांत किती उतरतं यावरून पुष्कळ कळतं. दोन दिवसांत डबी अर्धी होत असेल तर गळती डोळ्यांना दिसलीच पाहिजे. दोन महिन्यांत बोटभर उतरत असेल तर ती सील-बुटात लपलेली असणार.

सापडलेला ओलावा कशाचा आहे?

ब्रेक ऑइल पातळ, निसरडं असतं. नवं फिकट पिवळसर, जुनं तपकिरी ते काळं. एका ग्लासात पाणी घेऊन सापडलेला थेंब त्यात सोडा आणि ढवळा. ब्रेक ऑइल विरघळून जातं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल तरंगत राहतं, वर तवंग येतो. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. तो एकदा नाकात बसला की चुकत नाही. कूलंटही पाण्यात मिसळतं, पण त्याला हिरवा, गुलाबी असा रंग असतो. पावसाळ्यात किंवा एसी चालू असताना मॅट ओली असेल तर साधं पाणीही असू शकतं. कागदावर घेऊन तासभर ठेवा. पाण्याचा डाग वाळतो, ब्रेक ऑइलचा वाळत नाही.

मास्टर: तपास केबिनमधून

मास्टरची बाहेरची गळती बॉनेटखाली क्वचितच दिसते. मागचं सील गेलं की ऑइल दांडीवरून केबिनमध्ये उतरतं. ड्रायव्हरच्या सीटसमोर खाली वाका, क्लच पेडलच्या वरच्या टोकापर्यंत बॅटरी मारा. पेडलपासून मास्टरमध्ये शिरणारी दांडी आणि तिच्यावरचा रबरी बूट दिसेल. पांढरा टिश्यू गुंडाळलेलं बोट त्या बुटाच्या खालच्या कडेवरून फिरवा. कोरडं, धुळीचं असेल तर ठीक. टिश्यूवर तपकिरी ओल आली तर मास्टरचं मागचं सील गेलंय, पुढे काही सिद्ध करायची गरज नाही. पेडलच्या दांडीवरही ओघळ बघा आणि मॅट उचलून खालचा जाजम चाचपा. जाजमाखालचं जाड अस्तर बरंच ऑइल पिऊन घेतं आणि वरून कोरडं दिसतं. म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका, दाबून पाहा.

बॉनेटच्या बाजूने दोन जागा. डबी मास्टरवर बसते तिथलं रबरी ग्रोमेट, आणि डबी लांब असेल तर मधल्या नळीच्या क्लिपा. ही नळी वर्षानुवर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजून तडकते. इथे दाब नसतो, नुसतं झिरपतं. उपाय स्वस्त, पण नेमका हाच भाग सगळे विसरतात.

पाइप आणि होज

लोखंडी पाइप बाहेरच्या बाजूने फारसा दगा देत नाही. तो सडतो क्लिपांखाली. क्लिपमध्ये चिखल अडकतो, ओल धरून ठेवतो. कोकणात, किनाऱ्याजवळ राहिलेल्या गाडीत तर क्लिप काढल्याशिवाय पाइप चांगला आहे असं म्हणूच नये. पाइप कुठे घासतोय का तेही पाहा, विशेषतः स्टीअरिंगच्या दांडीजवळ आणि एक्झॉस्टजवळ.

प्रत्येक जोडावर टिश्यूची एक पट्टी गुंडाळा. मदतनिसाला पेडल पंधरा-वीस वेळा पूर्ण दाबायला सांगा, शेवटी अर्धा मिनिट दाबून धरायला सांगा. मग एकेक पट्टी सोडून बघा. ओली पट्टी म्हणजे सापडला जोड. नट किंचित आवळून पाहायला हरकत नाही, पण उघड्या पान्याने जोर लावाल तर नटाचे कोपरे जातील. पाइपच्या नटांसाठीचा, पाच बाजूंनी पकडणारा पाना वापरा. आवळूनही ओलच राहिली तर पाइपचं पसरट तोंड चिरलंय किंवा जोडातला तांब्याचा वॉशर दबून गेलाय. तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा टाकायचा.

मदतनीस पेडल दाबत असताना होजवर हात ठेवा. जुना होज दाबाखाली फुगताना हाताला जाणवतो. फुगणारा होज गळत नसेलही, पण पेडलचा अर्धा जोर तो खातो आणि आज ना उद्या फुटतो. आणखी एक, गाडी चालू करून मदतनिसाला जागच्या जागी इंजिन जरा रेस करायला सांगा आणि तुम्ही बॉनेटच्या बाजूने, बाहेर उभं राहून बघा. इंजिनचे माउंट (इंजिन पेलणारी रबरं) दबून खराब झालेले असतील तर इंजिन एवढं डोलतं की होज ताणला जातो. अशा गाडीत नवा होजही फार टिकत नाही, आधी माउंट बदला.

स्लेव्ह: इथे वेळ द्या

आता खाली. स्लेव्हच्या पुढच्या टोकाला रबरी बूट असतो, त्यातून दांडी निघून फोर्कला टेकते. वरून बूट कोरडा दिसला म्हणून पुढे जाऊ नका. बुटाची खालची कडा नखाने किंवा बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद उचला, खाली पांढरा पुठ्ठा धरा. चांगल्या स्लेव्हमधून काही येत नाही, फार तर आत ओलसर झाक असते. सील गेलेल्या स्लेव्हचा बूट उचलला की कोऱ्या चहासारखं काळपट पाणी ओघळतं, त्यात गंजाची बारीक कणी असते. बूट कित्येक आठवडे हे ऑइल आपल्या पोटात साठवत असतो. तो भरल्यावरच थेंब जमिनीवर पडतो. म्हणून ‘खाली थेंब नाही, म्हणजे स्लेव्ह ठीक’ हा निष्कर्ष चुकीचा.

बूट उचललेला असताना ब्लीड निपलकडेही (हवा काढायच्या छोट्या तोटीकडे) बघा. तिची रबरी टोपी गेलेली असते, तोंडात चिखल असतो, आणि मागच्या वेळी एअर काढताना ती पुरती आवळलेली नसते. ओल निपलभोवती असेल आणि बूट कोरडा असेल तर नशीब समजा.

आता एक प्रकार, ज्यात बिचारा मेस्त्री हकनाक शिव्या खातो. नवी क्लच प्लेट टाकली, गाडी झकास चालली आणि आठवड्या-दोन आठवड्यांत स्लेव्ह गळायला लागला. प्लेट टाकताना काहीतरी बिघडवलं, असंच वाटतं. खरी गोष्ट वेगळी. जुनी प्लेट झिजत गेली तसा पिस्टन सिलिंडरच्या आत आत सरकत गेला आणि कित्येक वर्षं आतल्याच पट्ट्यात पुढे-मागे होत राहिला. बाहेरच्या, बुटाजवळच्या पट्ट्यात ओल आणि धूळ साचून गंजाचे खड्डे पडले. नवी प्लेट बसली, पिस्टन बाहेर आला आणि मऊ सील त्या खड्ड्यांवरून घासायला लागलं. सील कितीही चांगलं असलं तरी ते टिकणार नाही. म्हणून जुन्या गाडीला प्लेट टाकताना स्लेव्ह उघडून आतली भिंत पाहून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गिअरबॉक्स उतरलेला असताना ते काम सोपंही असतं.

एक इशारा. स्लेव्ह बोल्ट काढून लोंबकळत ठेवला असेल तर कोणालाही पेडल दाबू देऊ नका. पिस्टन बाहेर उडतो, ऑइल सगळीकडे सांडतं.

बेल हाऊसिंगच्या तळाचं भोक

काही गाड्यांत स्लेव्ह बाहेरून दिसतो, पण त्याचं बुटाचं टोक बेल हाऊसिंगच्या आत असतं. लँड रोव्हर डिफेंडर हे त्याचं ठळक उदाहरण. अशा गाडीत बूट उचलून बघता येत नाही. गळालेलं ऑइल आतल्या भिंतीवरून तळाशी येतं आणि तळाच्या छोट्या भोकातून टपकतं. रात्री त्या भोकाखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी थेंबाची वर सांगितलेली पाण्याची परीक्षा करा. इंजिन ऑइल निघालं तर क्रँकचं मागचं सील, गिअर ऑइल निघालं तर इनपुट शाफ्टचं सील, ब्रेक ऑइल निघालं तर स्लेव्ह. तीन रोग, एकच भोक. तिथे ओलं दिसलं म्हणून थेट निदान करू नका.

पाण्यातून गाडी नेण्यासाठी या भोकात लावायचा बूच काही गाड्यांसोबत येतो. नदी ओलांडून झाल्यावर तो काढायचा असतो. तो तसाच राहिला असेल तर सगळं आतच साठतं, बाहेर एक थेंब दिसत नाही आणि प्लेटला तेल लागून क्लच घसरायला लागतो. तेव्हा बूच आहे का ते पाहा आणि असेल तर खाली भांडं धरून काढा.

सगळं कोरडं, तरी पातळी उतरतेय

हा प्रसंग कमी येतो, पण येतो. गाडीच्या क्लचला व्हॅक्यूम बूस्टर असेल, म्हणजे मास्टर आणि पत्रा यांच्यामध्ये तवकडीसारखा डबा असेल, तर मास्टरच्या मागच्या सीलमधून गळालेलं ऑइल केबिनमध्ये न येता त्या डब्यात जमतं. तिथून ते व्हॅक्यूमच्या नळीतून ओढलं जाऊ शकतं. मास्टरचे दोन नट सैल करून तो पाइपासकट जरा पुढे ओढा आणि बूस्टरच्या तोंडात काडीला कापूस गुंडाळून फिरवा. कापूस ओला आला की चोर सापडला. बूस्टरचा आतला पडदा या ऑइलने किती खराब झालाय तेही मग बघावं लागतं.

पातळी स्थिर आहे पण पेडल बसतं, त्यासाठी होज दाबून बघण्याची चाचणी. होज दाबायचा गुळगुळीत जबड्यांचा क्लॅम्प घ्या, साधी पकड वापरू नका, होज आतून चिरतो. स्लेव्हजवळचा होज क्लॅम्पने बंद करून पेडल बेताने दाबा. पेडल वरच अडकून कडक राहिलं आणि दाबून धरल्यावरही सरकलं नाही, तर मास्टर चांगला आहे. दोष क्लॅम्पच्या खाली, म्हणजे स्लेव्हमध्ये किंवा तिथे अडकलेल्या हवेत. क्लॅम्प असूनही पेडल हळूहळू बसलं आणि बाहेर कुठे ओल नाही, तर मास्टरचं आतलं सील गेलं. होज आधीच तडकलेला असेल तर ही चाचणी करूच नका, तो नवा टाका.

होजला हात न लावता करायची चाचणी अशी. इंजिन बंद ठेवून मदतनिसाला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा. तुम्ही स्लेव्हच्या दांडीवर मार्करने खूण करून बघत राहा. दांडी जागेवर राहायला हवी. अर्ध्या मिनिटात ती परत आत सरकली आणि थेंब कुठेच नाही, तर पुन्हा मास्टरच.

नव्या सीलांचं किट टाकायचं की नवा सिलिंडर?

सिलिंडर खोलून आतली भिंत पुसा, उजेडात धरा, नखाने तपासा. नख अडकेल असा ओरखडा किंवा खड्डा असेल तर किटवर पैसे घालवू नका, नवा सिलिंडर घ्या. बिडाच्या सिलिंडरमधला हलका डाग घासून काढता येतो. ॲल्युमिनियमचा सिलिंडर घासू नये, आतला कडक थर निघून जातो आणि मग सील भराभर झिजतं.

धुण्यासाठी ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, साधं ग्रीस यांतलं काहीही नाही. ही सीलं ज्या रबराची असतात ते रबर पेट्रोलियम तेलात फुगतं. कोणी अडीअडचणीला डबीत इंजिन ऑइल ओतलं असेल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही. दोन्ही सिलिंडरांची सीलं, होज आणि झाकणाचा पडदासुद्धा बदलावा लागतो.

दोन्ही सिलिंडर एकाच वयाचे असतील आणि एक गेला असेल, तर मी दुसऱ्यालाही हात घालतो. नव्या सीलचा पूर्ण दाब बसल्यावर दुसऱ्याचं म्हातारं सील फार दिवस तग धरत नाही. पैशांची अडचण असेल तर निदान होज तरी बदलून घ्या.

ऑइल झाकणावर लिहिलेलंच. डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही ग्लायकॉलची, एकमेकांत मिसळली तरी बिघडत नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. नावात सारखेपणा असला तरी डॉट ५.१ पुन्हा ग्लायकॉलचंच. ही ऑइलं हवेतला ओलावा शोषतात. डॉट ३ चा किमान उकळबिंदू कोरडं असताना २०५ अंश सेल्सिअस, ओलावा धरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. एक्झॉस्टजवळ बसलेल्या स्लेव्हला घाटात हा फरक जाणवतो. त्याहून वाईट म्हणजे तेच पाणी सिलिंडर आतून गंजवतं. म्हणून लहान बाटली घ्यावी आणि वर्षभर उघडी पडलेली बाटली वापरू नये. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदललं तर वर सांगितलेले निम्मे प्रकार होतच नाहीत.

एअर काढणं

निपलवर पारदर्शक नळी चढवा, नळीचं दुसरं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवा. मदतनीस पेडल सावकाश खाली नेतो, तुम्ही निपल उघडता. पेडल तळाला गेलं की निपल बंद, मगच पेडल वर. हा क्रम चुकला की हवा परत आत ओढली जाते. डबीवर लक्ष ठेवा, ती रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात. बुडबुडे थांबेपर्यंत आणि ऑइल स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा.

हवा निघतच नसेल तर स्लेव्ह कसा बसलाय ते पाहा. निपल सगळ्यात वरच्या टोकाला हवी. उलटी असेल तर बुडबुडा आतच राहतो. स्लेव्ह सोडवून निपल वर करून धरा, पिस्टन बाहेर उडू नये म्हणून क्लॅम्पने आत दाबून ठेवा आणि मग हवा काढा. पाइप वळणावळणाने वर जाणारा असेल तर उलटा मार्ग सोपा पडतो. मोठ्या सिरिंजने निपलमधून ऑइल सावकाश वर ढकलायचं, हवा तिच्या स्वभावाप्रमाणे वरच जाते. डबी आधी थोडी रिकामी करा, नाही तर वरून सांडेल.

शेवटी पेडलवरची मोकळी हालचाल बघा. मास्टरची दांडी पिस्टनला सदा टेकलेली नको, थोडासा सैलपणा हवाच. नसेल तर आतलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, गरम झालेलं ऑइल डबीत परतू शकत नाही आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहून घसरतो. किती मिलिमीटर ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं.

घाटात पेडल बसलं तर

डबी रिकामी असेल आणि गाडीत ब्रेक ऑइल असेल तर भरा, पेडल भराभर पंप करा. बऱ्याचदा गावापर्यंत पोचण्याइतका क्लच मिळतो. नसेल तर पाणी किंवा इंजिन ऑइल ओतू नका. जुन्या डिझेलमध्ये पहिल्या गिअरमध्ये स्टार्टर मारून गाडी चालू करता येते, लो रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या हळू, ताकदीच्या टप्प्यात) तर सहज, कारण स्टार्टरवर ताण फार कमी येतो. पण लो रेंजमध्ये पुढची-मागची चाकं जखडलेली असतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर सरळ आणि थोडंच अंतर जा. समोर गर्दी असेल, उतार असेल तर हा प्रयोग नको, कडेला लावून मदत बोलवा.

दुरुस्तीनंतर चिकटपट्टीची खूण नवी करा. पहिला आठवडा रोज सकाळी, मग महिनाभर आठवड्यातून एकदा बघा, आणि स्लेव्हचा बूट एकदा पुन्हा उचलून पाहा. काढलेलं जुनं ऑइल विषारी असतं. गटारात किंवा जमिनीवर ओतू नका, इंजिन ऑइलच्या डब्यात मिसळू नका. वेगळ्या बाटलीत, वर नाव लिहून, मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि टाकाऊ ऑइल घेणाऱ्या गॅरेजकडे द्या.